डोशाचे उपाहारगृह

कर्नाटकाच्या पश्चिम किनाऱ्यावर उडुपी नावाचे नगर आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तेथे श्रीकृष्णाच्या मूर्तीची स्थापना केली. दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालण्याची प्रथा तेथे शतकानुशतके चालत आली आहे. शेकडो माणसांचा स्वयंपाक वेळेवर, स्वच्छ आणि रुचकर कसा करावा, ही विद्या त्यामुळे तेथील आचाऱ्यांच्या अंगवळणी पडली. विसाव्या शतकात या भागातील अनेक माणसे पोटापाण्यासाठी मद्रास, बंगळूर, मुंबई अशा शहरांत गेली आणि त्यांनी तेथे लहान लहान उपाहारगृहे काढली. महाराष्ट्रात तर ‘उडप्याकडे जाऊ’ म्हणजे इडली-डोसा खावयास जाऊ, असा अर्थच रूढ होऊन गेला.

अशा उपाहारगृहात थाटमाट फारसा नसतो. ओळीने मांडलेली मेजे, पाण्याची चकचकीत भांडी आणि आतून येणारा चुर्र असा आवाज, एवढीच काय ती तेथील शोभा. गिऱ्हाईक येऊन बसते, डोसा मागवते आणि थोड्याच वेळात तांबूस, कुरकुरीत डोसा त्याच्यापुढे येतो. पाच मिनिटांत पदार्थ तयार झाला, असे त्याला वाटते. वस्तुतः त्या डोशाची तयारी आदल्या दिवशी दुपारीच सुरू झालेली असते.

दुपारी तांदूळ आणि उडदाची डाळ वेगवेगळी भिजत घालतात. तांदूळ साधारणपणे तीन किंवा चार मापे असले, तर डाळ एक माप घेतात. डाळीत चिमूटभर मेथीचे दाणे टाकतात. चार-पाच तासांनी डाळ रगड्यावर वाटतात. ती इतकी हलकी वाटली जावी लागते, की तिचा थेंब पाण्यात टाकला असता तो तरंगू लागावा. तांदूळ मात्र किंचित रवाळ ठेवतात. मग दोन्ही वाटणे एकत्र कालवून पीठ मोठ्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेवतात. पातेले अर्धेच भरलेले असते. असे का, ते सकाळी कळते!

आचारी झोपी जातो, पण पातेल्यातले काम तेव्हाच सुरू होते. धान्याच्या दाण्यांवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव मुळातच असतात. दह्याला विरजण लावावे लागते, तसे या पिठाला लावावे लागत नाही. ओलावा आणि ऊब मिळताच हे जीव भराभर वाढतात आणि पिठातील शर्करेवर आपली उपजीविका करतात. त्यातून दोन वस्तू निर्माण होतात. एक लॅक्टिक आम्ल. हेच आम्ल दह्यालाही आंबटपणा देते. दुसरी वस्तू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. या वायूचे असंख्य बुडबुडे पिठात उत्पन्न होतात. नुसत्या तांदळाच्या पिठातून ते सहज निसटून गेले असते. परंतु उडदाचा चिकटपणा त्यांना धरून ठेवतो. म्हणून पीठ फुगते, आणि सकाळी पातेले काठोकाठ भरलेले दिसते.

हे सूक्ष्म जीव कोणाच्या हुकमात वागत नाहीत. थंडीत त्यांचे काम मंदावते. उन्हाळ्यात ते इतके वेगाने चालते, की पीठ फार आंबट होते. म्हणून जाणता आचारी हवेचा रंग पाहून पीठ कधी वाटावयाचे आणि पातेले कोठे ठेवावयाचे, हे ठरवतो. त्याचा अंदाज चुकला, तर दुसऱ्या दिवसाचा सारा धंदा बुडतो. मालकाची कमाई आणि नोकरांची रोजी त्या एका पातेल्यावर अवलंबून असते.

सकाळी जाड लोखंडी तवा तापतो. आचारी त्यावर पाणी शिंपडतो आणि हिरांच्या लहान केरसुणीने ते पुसून घेतो. पाणी कशासाठी? तवा अतिशय तापलेला असला, तर पीठ पडताक्षणी घट्ट होते आणि पसरत नाही. पाण्याने तवा पुसला जातो आणि त्याचा ताव किंचित उतरतो. मग पळीभर पीठ मधोमध ओतून पळीच्याच तळाने ते गोल गोल फिरवीत कडेपर्यंत नेतात. हे कसब पाहण्यास सोपे, पण साधण्यास अवघड आहे. हात जड पडला तर डोसा फाटतो, हलका पडला तर जाड राहतो. उष्णतेने पिठातील शर्करा आणि प्रथिने यांचा संयोग होऊन तो सुंदर तांबूस रंग आणि खमंग वास येतो.

डोसा फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘धोसक’ नावाच्या पदार्थाचा उल्लेख आहे. मात्र मसाला डोशातील बटाट्याची भाजी त्या राजाने चाखली नसणार! बटाटा आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज लोक समुद्रमार्गाने आल्यानंतरच ती आपल्या देशाला माहीत झाली. आहाराच्या दृष्टीनेही डोशाचा मेळ उत्तम आहे. तांदळातील प्रथिनांत जे घटक कमी असतात ते उडदात पुरेसे असतात, आणि उडदात जे कमी असतात ते तांदूळ पुरवितो.

तव्यावरचा डोसा सर्वांसाठी सारखाच होता. पण मेजापाशी बसण्याचा अधिकार मात्र पूर्वी सर्वांना सारखा नव्हता. दक्षिणेतील कित्येक उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी वेगळी बैठक असे. ज्यांना समाज अस्पृश्य मानीत असे, त्यांना दारातच अडविले जाई. खिशात पैसे असूनही माणसाला उपाशी परत जावे लागे. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याने अस्पृश्यता नष्ट केली आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही उपाहारगृहात येण्यास मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. १९५५ साली असा मज्जाव करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदाही झाला. तरी जुन्या खुणा एकदम पुसल्या गेल्या नाहीत. १९५७ साली मद्रासमध्ये पेरियार रामस्वामी यांच्या अनुयायांना एका उपाहारगृहाच्या फलकावरील ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून चळवळ करावी लागली. त्यात अनेकांना अटक झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एके काळी मुंबईच्या उपाहारगृहांत गावाकडून आलेली लहान मुले मेजे पुसण्याचे आणि भांडी विसळण्याचे काम करीत. त्यांतील काही जिद्दी मुले दिवसभर राबून रात्रशाळेत शिकली. पण अनेकांचे बालपण त्या कामातच सरले. २००६ साली उपाहारगृहांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी झाली. म्हणून एखादे लहान मूल कोठे असे काम करताना दिसले, तर ती रीतच आहे असे मानून गप्प बसणे योग्य नव्हे.

आज उपाहारगृहात एकाच मेजाशी हमाल, कारकून, विद्यार्थी आणि प्रवासी शेजारी शेजारी बसतात. शेजाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. चटणीची वाटी मात्र पुढे सरकवितो. डोसा गरम असतानाच खावा, कडेने तुकडा मोडावा, आणि पानात काही टाकू नये. त्याच्यामागे कोणाची तरी दुपार, कोणाची तरी पहाट आणि असंख्य अदृश्य जीवांची रात्र खर्ची पडलेली असते.