आभा कार्डाला मोबाईल नंबर कोणाचा दिलाय?

मैत्रिणींनो, बैठकीत आभा कार्डाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "यावर पाच लाखांचा उपचार मिळतो ना?" नाही. ते आयुष्मान कार्ड, वेगळं. आभा म्हणजे फक्त 14 अंकी नंबर. वेगवेगळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट एकाच बाईचे आहेत हे ओळखायला तो लागतो.

समजा, उपकेंद्रात तुमचा बीपी 150/90 आला. मशीनला काही तुमचं नाव ठाऊक नसतं. सिस्टरने तो आकडा तुमच्या आभा नंबराला जोडून ऑनलाईन भरला, आणि जिल्हा रुग्णालयाची सिस्टीमही जोडलेली असली, तरच तिथल्या डॉक्टरांना तो दिसू शकतो. बाजारात ब्लूटूथवाली बीपीची, शुगरची मशीनं मिळतात. ती आकडा मोबाईलमधल्या ॲपला पाठवतात, सरकारी दवाखान्याला आपोआप नाही. त्यामुळे जुनी फाईल रद्दीत घालू नका, बरं का.

आभामधून रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला तुमची संमती लागते. कोणाला हवेत, कोणते हवेत, किती दिवसांसाठी, हे विचारून घ्या. नाही म्हणता येतं. दिलेली संमती ॲपमधून परत घेताही येते. "ताई, ओटीपी सांगा" म्हटलं की आपण पटकन सांगून मोकळ्या होतो. पण कर्जाच्या कागदावर न विचारता अंगठा देतो का आपण?

खरी अडचण पुढेच आहे. पुष्कळ जणींच्या आभाला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. मग ओटीपी त्यांच्याकडे जातो. ते ऊसतोडीला गेले की आपलं काम अडतं. शिवाय ज्याच्या हातात मोबाईल, त्याला आपले रिपोर्टही उघडता येतात. गर्भपिशवीचा त्रास असो, टीबी असो की दिवस राहिल्याची तपासणी, घरात कोणाला आणि कधी सांगायचं हे त्या बाईने ठरवावं. घरचे कितीही चांगले असले तरी मला हे महत्त्वाचं वाटतं.

आभाला जोडलेला मोबाईल नंबर नंतर बदलता येतो. स्वतःचा मोबाईल नसेल तर घाई करू नका. आभा काढणं ऐच्छिक आहे, ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पुढच्या मासिक बैठकीला आभा कार्ड, आधार आणि मोबाईल घेऊन या. कोणाचा नंबर लागलाय ते एकेकीचं बघू.