जास्त फिरलेली जुनी गाडी घेण्यापूर्वी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात चारचाकीचा विषय निघतो. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून लाख-दीड लाख किलोमीटर फिरलेली जुनी गाडी बघायला आपण निघतो. पहिलीच गाडी असल्याने रंग आणि सीटकव्हर पाहूनच मन बसते, आपण इसार देऊन मोकळे होतो. पुढे गाडी दारात कमी आणि गॅरेजात जास्त दिसते. हे टळावे म्हणून चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

जास्त फिरलेली गाडी वाईटच असते असे नाही. निगा राखली तर खोडवाही चांगले टनेज देतो आणि दुर्लक्ष झाले तर लागणीचा ऊसही हात देत नाही. गाडीचे तसेच आहे. हमरस्त्यावर एका चालीने दीड लाख कि.मी. धावलेली गाडी खाचखळग्यांतून साठ हजार फिरलेल्या गाडीपेक्षा बरी निघू शकते.

मीटरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. साधा हिशेब करावा. दहा वर्षांची गाडी ४० हजार कि.मी. दाखवीत असेल, तर ती दिवसाला सरासरी ११ कि.मी.च चालली. मालक रोज जिल्ह्याच्या गावी ये-जा करणारा असेल, तर हे पटते का? पेडलचे रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हरची सीट खचलेली असेल, तर मीटर खरे बोलत नाही असे समजावे. सर्व्हिसिंगच्या पावत्या मागाव्यात. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन पाहावे. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, त्याच्या मजुरीत काटकसर करू नये.

जमीन घेताना आपण सातबारावरचा बोजा बघतो, तसाच आर.सी. बुकावरचा बघावा. बँकेचे कर्ज असेल तर ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चेसिस आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून पाहावेत, थकलेली चलने तपासावीत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते यावरून कळेल.

नमुना २९ व ३० भरून आर.टी.ओ.त नाव लगेच बदलावे, आणि १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावे करण्यास अर्ज द्यावा. ही गरज विकणाऱ्यालाही तितकीच आहे. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. गाडी विकून पैसे खर्च झाले तरी नाव आपलेच राहिले, तर दावाही आपल्याच दारात येतो.

शेवटची गोष्ट पैशाची. हाती ३ लाख असतील तर ३ लाखांची गाडी बघू नये, अडीच लाखांची बघावी. उरलेले पन्नास हजार क्लच, बॅटरी, टायर यांसाठी बाजूला ठेवावेत. जुनी गाडी पहिल्या सहा महिन्यांत काहीतरी मागतेच. ते पैसे नसले की हात खताच्या पैशाला लागतो. दारात गाडी उभी आणि रानात खोडवा उपाशी, अशी पाळी कोणावरही येऊ नये.

तरी सभासदांनी इसार देण्यापूर्वी दोन दिवस थांबावे, मिस्त्रीला आणि घरच्यांना विचारावे, ही विनंती.