रात्री दोन वाजता मुलगा कुणाशी बोलतो?

वस्तीतल्या एक बाई एका दुपारी आमच्याकडे आल्या. मुलाचा पाय मोडून पाच महिने झाले होते. मोटारसायकल घसरली, मांडीच्या हाडात सळई टाकावी लागली आणि तो कुबड्यांवर येईपर्यंत गोदामातली नोकरी गेली. “सिस्टर, पाय बरा होतोय, पण डोकं बिघडलंय त्याचं,” त्या म्हणाल्या. “रात्री दोन-दोन वाजेस्तोवर कॉम्प्युटरवर राक्षस मारतो. एकटाच हसतो. तुम्ही येऊन सांगा, नाहीतर मी तो डबा विकून टाकते.”

आम्ही गेलो ते मुलाला समज द्यायच्या तयारीनेच. असे खेळ वाईट, हे आमचेही ठरलेले मत होते. पोरगा उशीला टेकून बसला होता. समोर जुना संगणक. पडद्यावर एक गाय उभी होती आणि तिच्याभोवती तीन माणसे. “ताई, ही गाय म्हणजे मी,” तो म्हणाला. तिथून आमचीच शिकवणी सुरू झाली. त्या शिकवणीत काय कळले ते इथे सांगत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही.

हा खेळ असतो तरी कसा?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणजे जगभरची माणसे आपापल्या घरून इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात शिरतात. त्या जगात गावे असतात, जंगले, गुहा, राक्षस, जादू असते. प्रत्येकाचे एक पात्र असते. ते पात्र हळूहळू कामे शिकते, कमावते, लढते. तुम्ही संगणक बंद केला तरी ते जग चालू राहते. कॅरम किंवा क्रिकेटसारखा हा डाव संपत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येईल.

हा मुलगा खेळत होता त्या खेळाचे नाव ‘प्रोजेक्ट गॉर्गन’. एरिक हाइमबर्ग आणि सँड्रा पॉवर्स या अमेरिकन नवरा-बायकोने तो उभा केला. मोठ्या कंपन्यांच्या खेळांमागे शेकडो माणसे राबतात, इथे मोजकी. २०१५ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे जमवले. मार्च २०१८ मध्ये हा खेळ ‘स्टीम’ या दुकानात ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून विकायला आला. म्हणजे काम पुरे झालेले नाही हे आधीच सांगून केलेली विक्री. इमारतीचा गिलावा बाकी आहे, जिन्याला कठडा नाही, तरी बिऱ्हाडे राहायला आली आहेत, असा प्रकार. पुढची कित्येक वर्षे हा खेळ तसाच अपुरा राहिला, आणि लोक त्यात आनंदाने नांदत राहिले.

त्यात तुम्ही सैनिक की जादूगार, हे जन्मतः ठरत नाही. कोणीही काहीही शिकू शकतो. तलवार, अग्निविद्या, तशीच अळिंबीची लागवड, चीज बनवणे, बागकाम, नाच. प्रथमोपचार हेसुद्धा एक कौशल्य आहे, हे ऐकून आम्ही खुर्ची पुढे ओढली. मानसशास्त्र तर चक्क लढाईचे हत्यार आहे, बोलून शत्रूला नामोहरम करायचे. मरणाचेही कौशल्य आहे: नव्या प्रकाराने मेलात की त्यातूनही थोडे शिकता. कवितेचा आस्वाद घेणे हेही कौशल्य आहे. खेळाडू जमून एकमेकांना कविता ऐकवतात आणि ऐकणाऱ्याच्या खात्यात गुण जमा होतात.

आणि गाय? शाप लागला की माणसाचे जनावर होते. जनावराला हात नसतात आणि खेळातली काही पात्रे त्याच्याशी व्यवहारच करत नाहीत. मग दुसऱ्या खेळाडूंची मदत घ्यावी लागते. गाय झालेल्या खेळाडूचे दूधही दुसरे काढतात, चीज करायला ते लागते. “आधी घाबरलो होतो,” मुलगा म्हणाला, “पण तिघांनी येऊन सगळं समजावलं. मग मला गाय राहायलाच आवडायला लागलं.”

अनोळखी माणसे मदत का करतात?

आम्हाला हे नवल वाटले. इंटरनेटवर शिवीगाळ किती चालते ते आपण बघतो. मारामारीच्या झटपट खेळांत तर हरलेला भिडू जिंकलेल्याच्या आईवर जातो. मग इथे वेगळे काय? विचारता-विचारता तीन कारणे समजली.

पहिले, खेळ अपुरा असताना सगळे लिहून ठेवलेले नसते. एखादे दार उघडत नाही, एखादे काम अर्ध्यात अडकते. विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज जो सांगतो त्याने काल कुणाला तरी विचारलेले असते. वॉर्डात नवी नर्स येते तेव्हा सलाइनचे स्टँड कुठे आणि कोणत्या डॉक्टरांना कधी उठवायचे नाही, हे पुस्तकात नसते, जुन्या सिस्टरच सांगतात. तसेच हे.

दुसरे, वस्ती लहान आहे. लाखोंच्या गर्दीत उद्धटपणा करून माणूस निसटतो. जिथे रोज तीच माणसे भेटतात तिथे नाव खराब झाले की खेळणे अवघड होते. आणि नवा माणूस टिकला नाही तर वस्तीच ओस पडेल, हे जुन्यांना ठाऊक असते.

तिसरे, एकाला सगळे येत नाही. कुणी स्वयंपाकात मुरलेला, कुणी कातडी कमावण्यात. देवाणघेवाण केल्यावाचून गाडा चालत नाही.

आणखी एक गोष्ट तो मुलगा सहज बोलून गेला. “ताई, तिथं आडनाव कुणी विचारत नाही. गाय आहे म्हटलं, तर म्हणाले, बरं, चल.” यावर आम्ही काही बोललो नाही. नव्या नोकरीत, भाड्याच्या खोलीसाठी, पहिल्या पाच मिनिटांत आडनावाची चौकशी ज्यांनी सोसली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

सोबत हे औषध आहे का?

वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. मोठे हाड मोडलेला तरुण पहिले काही आठवडे भेटायला येणाऱ्यांनी वेढलेला असतो. मग माणसे आपापल्या कामाला लागतात. वेदना कमी झालेल्या असतात, पण दिवस जात नाही. झोप विस्कटते, भूक मंदावते, व्यायामाचा कंटाळा येतो, आणि मग हाडापेक्षा मन मागे राहते. एकाकीपणाचा शरीरावर परिणाम होतो, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मानते. २०२३ मध्ये तिने माणसांच्या परस्पर नात्यांवर एक आयोगच नेमला.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट या बाबतीत जगभर माहीत झाली आहे. १९८९ मध्ये जन्मलेल्या मॅट्सला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या आजारात स्नायू दुबळे होत जातात, चालणे थांबते, पुढे श्वासालाही यंत्र लागते. तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा मोठा खेळ तासन् तास खेळायचा. आई-वडिलांना वाटे, पोराच्या आयुष्यात मित्र नाहीत, प्रेम नाही, कुणाच्या उपयोगी पडणे नाही. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि अनोळखी लोकांची पत्रे येऊ लागली. खेळात तो ‘इबेलिन’ नावाचा रुबाबदार गडी होता. कुणाचे दुःख त्याने ऐकून घेतले होते, कुणाला मुलाशी पुन्हा बोलायला शिकवले होते. अंत्यसंस्काराला खेळातले काही मित्र दुसऱ्या देशांतून आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपटही निघाला.

त्या आई-वडिलांनी मुलावर जीव ओवाळून टाकला होता, चुकले असे कोण म्हणेल? पण पडद्यापलीकडे काय चालले आहे हे त्यांना तो गेल्यावर कळले. आपल्याला ते आजच विचारता येते.

मग काळजी कधी करायची?

खेळाची सोबत खरी असते, तसा त्याचा धोकाही खरा असतो. डाव संपत नाही, म्हणून उठायची वेळ खेळ सांगत नाही. अपुऱ्या खेळात तर सतत नवे काहीतरी येत राहते. ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तीन खुणा दिल्या आहेत:

• खेळण्यावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचे, कधी थांबायचे, हे हातात उरत नाही.

• जेवण, अभ्यास, काम, माणसे या सगळ्यांआधी खेळ येतो.

• नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते.

यामुळे घर, शिक्षण, नोकरी यांची गंभीर हानी झालेली असावी लागते आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे लागते. त्रास फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होते. किती तास खेळले, यावर आजार ठरत नाही. चार तास खेळून जेवण-झोप-काम सांभाळणारा आजारी नसेल, दोन तास खेळून परीक्षा बुडवणारा असू शकेल. आईने ‘वेड लागलं’ म्हटले म्हणून तो आजार होत नाही, आणि मुलाने ‘काही नाही’ म्हटले म्हणून तो टळतही नाही.

खेळात पैसे लावले जातात का, हेही बघावे. प्रोजेक्ट गॉर्गन विकत घेऊन खेळायचा खेळ आहे, त्यात खऱ्या पैशांची पैज नाही. पैसे लावून जिंकण्या-हरण्याच्या ऑनलाइन खेळांचा प्रकार वेगळा. त्यांनी घरे बुडवली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी आणली.

आम्ही काय केले?

त्या मुलाचे खरे दुखणे झोपेचे निघाले. त्याचे मित्र युरोपातले. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. त्यांची संध्याकाळ ती याची मध्यरात्र. म्हणजे आई म्हणत होती त्या दोन वाजण्याचा अर्थ घड्याळात होता. पण सकाळी सहाला न्यूयॉर्कमध्ये आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, तेव्हाही खेळात माणसे असतातच. आम्ही त्याला रात्री अकराला झोपून पहाटे उठायला सांगितले. आधी फिजिओथेरपीचा व्यायाम, मग खेळ. बसताना पाय लोंबता ठेवायचा नाही, खाली स्टूल घ्यायचे, अर्ध्या तासाने घोटा वर-खाली हलवायचा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायचे, म्हणजे डोळे शिणत नाहीत.

खेळातल्या मित्रांना पायाचे सांग, हेही आम्ही सुचवले. तो कचरत होता, पण सांगितले. आता त्यांच्यातला एक जण भेटला की आधी व्यायाम झाला का ते विचारतो. शनिवारी पोरगा अजून दोनपर्यंत जागतो. आई अजून त्याला ‘डबा’च म्हणते. पण विकायची गोष्ट काढत नाही, आणि एकदा तिने स्वतःच विचारले, “ती गाय कशी आहे?”

घरात हे प्रश्न विचारा

संगणक किंवा मोबाइल हिसकावण्याआधी शेजारी बसा आणि विचारा: हा खेळ कोणता? यात तू कोण आहेस? तिथे कोण भेटते, तुझ्याशी कसे बोलते? पैसे लागतात का? किती वाजता झोपलास? खेळ नसता तर आज काय केले असतेस? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर आपण त्याला दुसरे काय देऊ शकतो, हा आपला प्रश्न आहे.

मुलामुलींना हेही पढवा: पत्ता, फोटो, ओटीपी, बँकेची माहिती खेळातल्या मित्राला द्यायची नाही, तो कितीही चांगला असो. कुणी गुपित ठेवायला सांगितले तर घरी सांगायचेच. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करावा.

वर दिलेल्या तिन्ही खुणा दिसत असतील, मूल आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलत नसेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. फोन करायला संकोच वाटत असेल तर आमच्याकडे या, आपण मिळून लावू.