छाती हलतेय, पण श्वास मशीनचा

पारोळा : महामार्गावर अपघात होतो, डोक्याला मार लागतो. डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झाला. घरचे म्हणतात, अहो, छाती तर हलतेय! तो श्वास व्हेंटिलेटरचा असतो. कायद्याने ही तपासणी 6 तासांच्या अंतराने दोनदा होते.

घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तरी फुप्फुस टिकवणं अवघड. मशीनने जास्त हवा भरली की ते ताणून सुजतं. म्हणून उंचीवरून धरलेल्या वजनाच्या किलोमागे 6 ते 8 मिलीच हवा देतात. श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राखतात, म्हणजे फुप्फुसातले बारीक फुगे मिटत नाहीत. 2010 साली छापलेल्या युरोपातल्या अभ्यासात या पद्धतीने 59 पैकी 32 जणांची फुप्फुसं कामी आली, जुन्या पद्धतीने 59 पैकी 16 जणांचीच.