चौघांच्या नावावर

रॉक बँड फुटतात ते पुष्कळदा श्रेयावरून आणि पैशावरून. गाण्याखाली ज्याचं नाव, त्याला रचनेची रॉयल्टी. मागे बसून ड्रम्स वाजवणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच येत नाही. अमेरिकेतल्या आर.ई.एम. या बँडने हा प्रश्न सुरुवातीलाच निकालात काढला. गाणं कुणालाही सुचो, ते बिल बेरी, पीटर बक, माइक मिल्स आणि मायकेल स्टाइप या चौघांच्या नावावर लागायचं आणि पैसे सारखे वाटले जायचे. निर्णयालाही चौघांचा होकार लागे. एक जरी नाही म्हणाला तरी विषय तिथेच संपे. ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या इतिहासात आर.ई.एम.चं स्थान फार वरचं आहे आणि ते या करारावर उभं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या वक्सट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात बक कामाला होता आणि चित्रकला शिकणारा स्टाइप तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचा. दोघांच्या आवडीच्या रेकॉर्ड्स त्याच निघाल्या. मिल्स आणि बेरी मेकन शहरातले, शाळेपासून एकत्र वाजवणारे. एप्रिल १९८० मध्ये एका जुन्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या पार्टीत चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. पुढच्याच वर्षी ‘रेडिओ फ्री युरोप’ ही पहिली रेकॉर्ड निघाली. तिचं ध्वनिमुद्रण मिच ईस्टर यांनी आपल्या आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत झालं होतं.

त्या काळात मोठ्या रेडिओ केंद्रांवर सिंथेसायझरचा सुकाळ होता. नव्या, आडवाटेच्या बँडना थारा मिळे तो विद्यापीठांतल्या छोट्या केंद्रांवर, जिथे विद्यार्थीच निवेदक आणि विद्यार्थीच निवड करणारे. आर.ई.एम.ने या केंद्रांच्या आधारावर आणि एका व्हॅनमधून गावोगावच्या क्लबांत वाजवत श्रोता मिळवला.

‘मर्मर’ या पहिल्या अल्बमच्या वेळी आय.आर.एस. या कंपनीने दुसरा निर्माता देऊन पाहिला. एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेण्याची त्याची पद्धत चौघांना मानवली नाही. त्यांनी ईस्टर यांचाच आग्रह धरला. सोबतीला डॉन डिक्सन आले. गिटारची लांबलचक एकल करामत नको, सिंथेसायझर नको, हे आधीच ठरलेलं. म्हणून ‘मर्मर’ ऐकताना कान कुणा एकावर खिळत नाही. बकची गिटार सूर सुटे सुटे करून छेडते, मिल्सचा बास ताल धरता धरता स्वतःची चाल गातो आणि स्टाइपचे शब्द अर्धे कळतात, अर्धे त्या वाजवण्यात विरघळून जातात. १९८३ साली ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून याचीच निवड केली. त्या वर्षी जग मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ऐकत होतं!

नंतर जवळपास दरवर्षी एक अल्बम आला. १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’मधल्या ‘द वन आय लव्ह’ने त्यांना अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांत नेलं आणि १९८८ मध्ये त्यांनी वॉर्नर ब्रदर्सशी करार केला.

मग बकने मँडोलिन घेतलं. टीव्हीसमोर बसून नवं वाद्य हाताळताना त्याला जी सुरावट सापडली, तिच्यातून ‘लूझिंग माय रिलिजन’ उभं राहिलं. या गाण्याला रूढ अर्थाने ध्रुवपद नाही आणि मुख्य वाद्य मँडोलिन. १९९१ मध्ये रेडिओवर चालण्याची कोणतीही लक्षणं त्यात नव्हती. तरीही ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्याचा व्हिडिओ दिग्दर्शित केला जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी. काराव्हाज्जोची चित्रं, गार्सिया मार्केसची पंखवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट आणि आपल्याकडच्या देवादिकांच्या तसबिरींचा थाट त्यांनी एका खोलीत आणून बसवला. या व्हिडिओला त्या वर्षी एमटीव्हीचे सहा पुरस्कार मिळाले. आपल्याकडे घरोघरी केबल येऊ लागली तो हाच काळ.

हे गाणं ज्यात होतं तो ‘आउट ऑफ टाइम’ आणि १९९२ चा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’, दोन्ही अल्बमच्या एकेक कोटीहून जास्त प्रती जगभर खपल्या. आणि दोन्हींसाठी त्यांनी दौरा केला नाही. दुसऱ्यातलं ‘एव्हरीबडी हर्ट्स’ मला या साऱ्या कहाणीचा गाभा वाटतं. ते मुख्यतः बेरीला सुचलेलं. खचलेल्या माणसाला धीर देणारं साधं गाणं. त्यात मूळ ठेका धरलाय एका स्वस्तातल्या ड्रम मशीनने आणि तंतुवाद्यांची बांधणी लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सची. ड्रमवाल्याने गाणं आणायचं आणि त्यात आपलेच ड्रम्स जवळजवळ मिटवून टाकायचे! श्रेयाची काळजी मिटलेली असली, की माणसं गाण्याला काय हवं एवढंच बघतात.

१९९५ चा दौरा जिवावर बेतला. १ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे कार्यक्रम चालू असताना मेंदूतली रक्तवाहिनी फुगून बेरी कोसळला. शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला, पुन्हा वाजवायलाही बसला. त्याच दौऱ्यात मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९९७ मध्ये बेरीने निवृत्त व्हायचं ठरवलं, पण आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण राहतो, हेही त्याने सांगितलं. बाकीच्यांनी त्याला मोकळं केलं. तो अथेन्सजवळच्या आपल्या शेतावर गेला.

तिघांनी आणखी पाच अल्बम केले. ‘अप’ धाडसी आहे आणि त्याची उपेक्षा झाली; २००४ चा ‘अराउंड द सन’ मात्र निस्तेज, त्यावर बकनेही नंतर नाराजी व्यक्त केली. २००८ च्या ‘अ‍ॅक्सेलरेट’ने जुना वेग परत आणला. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी बँड संपवत असल्याचं जाहीर केलं. कोर्टकज्जा नाही, मुलाखतींतून चिखलफेक नाही.

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’ने गीतकार-संगीतकार म्हणून चौघांचाही एकत्र सन्मान केला. बेरी ड्रम्सवर बसला नव्हता, तालासाठी हातवाद्य वाजवत होता. त्यांनी ‘लूझिंग माय रिलिजन’ हे एकच गाणं सादर केलं. बँड पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न त्यांना त्याही वेळी विचारला गेला आणि चौघांनी नाही म्हटलं.