कासवाच्या पिल्लाची शिदोरी आणि विसावा

समुद्री कासवाचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू दुबळं असतं, त्याला काही दिवस टबमध्ये खाऊ घालून मग समुद्रात सोडावं, असा समज आढळतो. तो मायेपोटी असला, तरी चुकीचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून वर येतात, तेव्हा त्यांच्या पोटात पीतकाचा (अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा) उरलेला साठा असतो. रानात पेरलेली ज्वारी आठवा: कोंब मातीबाहेर येईपर्यंत दाण्यातल्याच साठ्यावर वाढतो. पिल्लूही त्याच शिदोरीवर सुरुवातीला सुमारे दिवसभर जवळपास अखंड पोहत किनाऱ्यापासून दूर जातं. टबमध्ये हीच ताकद भिंतींशी झगडण्यात वाया जाते.

समुद्रात तर भक्षक असतात, मग घाई कशाला, असा आक्षेप रास्त आहे. पण भक्षकांचा धोका उथळ पाण्यात अधिक असतो, म्हणूनच तो पट्टा लवकर ओलांडणं महत्त्वाचं. पुढे पिल्लाचा दिनक्रम बदलतो. दिवसा ते पोहतं, तरंगत्या शेवाळाच्या आसऱ्याने बारीक जीव खातं; रात्री पुढची वल्ही (पोहण्याचे चपटे पाय) पाठीवर दुमडून पृष्ठभागावर निश्चल तरंगतं. हे आजारपण नसून विसावा आहे. श्वास फुफ्फुसांनी घ्यायचा असल्याने पृष्ठभाग सोयीचाही ठरतो. घरट्याचं रक्षण जरूर करावं. सशक्त पिल्लू बाहेर आलं, की मात्र त्याला विनाविलंब, स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जाऊ द्यावं.