एका अक्षराची चूक



मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. तरी हा विषय घेतला, त्यास कारण आहे. तरुणपणी माझ्या शेजारच्या साच्यावर एक कामगार होता. सांधे दुखतात म्हणून तो वारंवार खाडा करी. सारे त्याला कामचुकार म्हणत, मीही म्हटले. पुढे त्याच्या रक्तात सिकलसेल निघाला, पण तोवर नोकरी गेली होती.

रक्तात असे काय बिघडते? गिरणीत नक्षीचा मूळ कागद ऑफिसात राही, खात्यात येई ती नक्कल. पेशीचा कारभारही तसाच आहे. डीएनए हा मूळ दस्तऐवज केंद्रकात असतो. हव्या त्या भागाची आरएनए ही नक्कल निघून रायबोसोमवर येते. या लिपीत अक्षरे चारच. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि बहुतेक प्रत्येक शब्द एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. अशी आम्ले वीस. दुसऱ्या जातीचे छोटे आरएनए ती वाहून आणतात, रायबोसोम ती क्रमाने ओवतो आणि ‘थांबा’ हा शब्द आला की माळ सुटते. घडी पडून तिचे प्रथिन होते. ही लिपी उलगडण्यात आपले हरगोविंद खुराना होते. १९६८ साली त्यांना दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ आम्ले असतात. सहाव्या जागी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ लिहिले गेले, तर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. मग प्राणवायू सोडताच हे रेणू एकमेकांस चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि माणूस वेदनेने तळमळतो.

हा आजार स्पर्शाने होत नाही. एका पालकाकडून दोष आला तर मूल वाहक होते व बहुधा निरोगी राहते. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारांत एक. आपल्या विदर्भात वाहक पुष्कळ आहेत. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने आज पुष्कळांच्या वेदना कमी होतात.

मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. ज्ञान होते, आमच्या खात्यापर्यंत ते पोचले नव्हते. ते पोचवणे हेही संघटनेचेच काम, हे मला उशिरा कळले.